समूहवाढीची परिभाषा (वनस्पती व कवके)

वनस्पती व कवके (हरितद्रव्यरहित, बीजुकांनी प्रसार होणारे तंतुमय सजीव) ज्या निरनिराळ्या प्रकारे एकत्र, दाटीने किंवा पुंजक्यांनी वाढलेली आढळतात, ते प्रकार निश्चित अर्थाच्या शब्दांत सांगणाऱ्या संज्ञांच्या संचाला समूहवाढीची परिभाषा म्हणता येईल. एखादे भूछत्र एकटे उगवले आहे, विखुरलेल्या दहांपैकी एक आहे की एकाच बुडख्यातून निघालेल्या झुबक्यातील आहे, यावरून त्याची जाती ओळखण्यास मदत होते. त्याचप्रमाणे गवताचा ठोंब, हरळीचा पसारा व बांबूचे बेट यांतील फरक त्या त्या वनस्पतीच्या भूमिगत खोडाच्या रचनेतून निर्माण झालेला असतो. डोळ्यांना दिसणारा समूह हा एकाच व्यष्टीचा (स्वतंत्र सजीवाचा) विस्तार आहे की अनेक व्यष्टींचा मेळावा आहे, हा या परिभाषेमागचा मूलभूत प्रश्न होय. जातींचे वर्णन, परिस्थितिविज्ञान, शेती, वनव्यवस्थापन व दुर्मिळ वनस्पतींचे संरक्षण या सर्व क्षेत्रांत त्याचे उत्तर द्यावे लागते.

व्यवहारातील मराठीत समूहदर्शक शब्दांची वाण नाही. ठोंब, झुबका, गुच्छ, घोस, घड, जुडी, चूड, बेट, जाळी, ताटवा, रान असे अनेक शब्द रूढ आहेत व त्यांतील कित्येकांना निश्चित मर्यादाही आहेत. बांबूचे ‘बेट’ असते, पण हरळीचे नसते. केळीचा ‘घड’ म्हणतात, तर द्राक्षांचा ‘घोस’ वा ‘घड’. भातशेतीतील ‘चूड’ व ‘ठोंब’ या शब्दांतील भेद विशेष उद्‌बोधक आहे. लावणीच्या वेळी एका जागी जी दोन-चार रोपे एकत्र खोवतात ती चूड होय. प्रत्येक रोपाला नंतर बुंध्यापासून फुटवे येतात व त्या जागी ठोंब तयार होतो. म्हणजे चुडात व्यष्टी अनेक असतात, तर एकाच रोपापासून झालेल्या ठोंबात व्यष्टी एक व फुटवे अनेक असतात. शेतात उभ्या असलेल्या ठोंबाकडे पाहून मात्र हा भेद सांगता येत नाही. शास्त्रीय परिभाषेला जे कार्य करावयाचे असते, ते याच स्वरूपाचे आहे.

ऐतिहासिक आढावा : वनस्पतिवर्णनातील संज्ञांना शिस्त लावण्याचे श्रेय मुख्यतः स्वीडिश निसर्गवैज्ञानिक कार्ल लिनीअस यांच्याकडे जाते. 1751 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फिलॉसॉफिया बोटॅनिका’ या ग्रंथात त्यांनी अवयवांच्या वर्णनासाठी लॅटिन संज्ञा व त्यांचे नेमके अर्थ दिले. कवकांच्या बाबतीत क्रिस्तिआन हेंड्रिक पर्सून (1801) व एलियास फ्रीस (1821–32) यांच्या ग्रंथांनी ही परंपरा पुढे नेली. त्यामुळे आजच्या बहुतेक आंतरराष्ट्रीय संज्ञांची मुळे लॅटिनमध्ये असून ती घरगुती वस्तूंशी निगडित आहेत. झुबकेदार वाढीसाठी वापरली जाणारी ‘सेस्पिटोज’ ही संज्ञा ‘सीस्पेस’ म्हणजे मुळांसह खणून काढलेला गवताचा गड्डा या शब्दापासून आली आहे. ‘ग्रिगेरियस’ (समूहाने वाढणारा) या संज्ञेच्या मुळाशी ‘ग्रेक्स’ म्हणजे जनावरांचा कळप हा शब्द आहे. ‘फॅसिक्युलेट’ (जुडीप्रमाणे) ही ‘फॅसिस’ म्हणजे मोळी यावरून व ‘इंब्रिकेट’ (परिहित) ही ‘इंब्रेक्स’ म्हणजे छपराचे कौल यावरून बनली आहे.

समूहवाढीकडे केवळ वर्णनाचे लक्षण म्हणून न पाहता निसर्गातील एक महत्त्वाची घटना म्हणून पाहण्याची सुरुवात आलेक्सांडर फोन हंबोल्ट यांनी केली. वनस्पतींच्या भूगोलावरील 1807 मधील निबंधात त्यांनी एकेकट्या विखुरलेल्या वनस्पती आणि मुंग्या व मधमाश्यांप्रमाणे समाज करून राहणाऱ्या वनस्पती असा भेद केला. पुढे विसाव्या शतकात यातूनच वनस्पतींच्या ‘समाजशीलते’चे मापन करण्याची पद्धती विकसित झाली.

कवकांच्या वर्णनातील संज्ञा : भूछत्र अथवा अळंबी म्हणून जे दिसते ते कवकाचे संपूर्ण शरीर नसून केवळ बीजुके निर्माण करणारा भाग (फलकाय) असतो. खरे शरीर म्हणजे माती, लाकूड किंवा पालापाचोळा यांत पसरलेले सूक्ष्म तंतूंचे कवकजाल होय. म्हणून फलकाय कसे मांडलेले आहेत, यावरून त्याखालील कवकजालाची काही प्रमाणात कल्पना येते. वर्णनात पुढील संज्ञा प्रामुख्याने वापरतात.

एकाकी : फलकाय एकेकटा व एकमेकांपासून बराच दूर उगवतो. विखुरलेली : अनेक फलकाय एकाच परिसरात, परंतु मधे भरपूर अंतर ठेवून असतात. समूहस्थ : फलकाय जवळजवळ व मोठ्या संख्येने असतात, मात्र प्रत्येकाचा दांडा मातीतून स्वतंत्रपणे वर येतो. कॉप्रिनेलस डिसेमिनेटस हे नाजूक, करड्या टोपीचे कवक कुजक्या बुंध्यांभोवती शेकड्यांनी उगवते. ते या प्रकाराचे ठळक उदाहरण होय. झुबकेदार : अनेक दांडे एकाच जागेतून निघतात व त्यांचे तळ एकमेकांस टेकलेले असतात, पण जुळून एकजीव झालेले नसतात. संयुक्त : दांड्यांचे तळ एकमेकांत मिसळून एकसंध बुडखा तयार होतो. परिहित : खोडावर वाढणारे, पंख्यासारखे किंवा फळीसारखे फलकाय कौलांप्रमाणे एकावर एक अंशतः झाकलेले असतात. ट्रॅमेटीस व्हर्सिकलर या रंगीत पट्ट्यांच्या कवकात ही मांडणी दिसते. लागवडीतील धिंगरी अळंबीचे फलकाय पेंढ्याच्या पिशवीतून झुबक्याने निघतात व पुष्कळदा परिहितही असतात.

या संज्ञांपूर्वी ‘उप’ हा उपसर्ग लावल्यास ते लक्षण अपुरे किंवा अधूनमधून आढळणारे आहे, असा अर्थ होतो. उदा., ‘उपझुबकेदार’ म्हणजे काही दांडे तळाशी जवळ येतात, पण खरा झुबका बनत नाही. एकाच जातीत वय, ओलावा व आधारद्रव्य यांनुसार मांडणी बदलू शकते. त्यामुळे काळजीपूर्वक लिहिलेल्या वर्णनात ‘एकाकी ते समूहस्थ, क्वचित झुबकेदार’ अशी मर्यादा दिलेली असते. अनेक जातींची नावेही या लक्षणावरून पडली आहेत. हायफोलोमा फॅसिक्युलेअर या लाकडावर वाढणाऱ्या, पिवळ्या व विषारी कवकाचे नाव त्याच्या जुडीसारख्या झुबक्यांवरून, तर लायोफायलम डेकास्टीस याचे नाव दहा-दहांच्या गटाच्या कल्पनेवरून आले आहे.

भारतात पावसाळ्यात वारुळांवर व त्यांच्या आसपास उगवणारी टर्मिटोमायसीस वंशातील खाद्य अळंबी महाराष्ट्र व गोव्यातही परिचित आहेत. फ्रेंच कवकवैज्ञानिक रॉजे हाइम यांनी 1942 मध्ये या वंशाला नाव दिले. वाळवी आपल्या वारुळात या कवकाची वाढ करते व दोघांचे जीवन परस्परांवर अवलंबून असते. या वंशातील अनेक मोठ्या जातींचा दांडा मुळासारखा लांब होऊन जमिनीखालील वारुळातील कवकाच्या पोळ्यापर्यंत पोहोचतो. वर दिसणारी छत्रे परस्परांपासून सुटी असली, तरी त्यांचे मूळ एकाच वारुळात असू शकते. याउलट टर्मिटोमायसीस मायक्रोकार्पस या लहान जातीला असा मुळासारखा भाग नसतो. वाळवीने पोळ्याचा जो भाग वर आणून टाकलेला असतो, त्यावर तिची पांढुरकी छत्रे शेकड्यांनी उगवतात. दोन्ही प्रकारांना ढोबळपणे ‘समूहाने वाढणारी’ असे म्हटल्यास त्यांच्या जीवनक्रमातील हा फरक झाकला जातो.

छत्रवलये : काही भूछत्रे मोकळ्या कुरणात वर्तुळाकार रांगेत उगवतात. यूरोपीय लोकसमजुतीनुसार ही वलये पऱ्यांच्या नाचण्यामुळे पडत असत व त्यामुळेच त्यांना ‘परीवलये’ हे नाव मिळाले. इंग्रज वैज्ञानिक विल्यम हाइड वुलस्टन यांनी 1807 मध्ये या वलयांचा बाहेरच्या दिशेने होणारा विस्तार कवकाच्या पोषणाशी जोडला. एका जागी रुजलेले कवकजाल सर्व दिशांनी सारख्या गतीने पसरते. मध्यभागातील पोषकद्रव्ये संपल्यावर तेथील भाग निष्क्रिय होतो व केवळ कडेचा पट्टा जोमदार राहतो. फलकाय याच पट्ट्यातून वर येतात. मॅरॅस्मियस ओरिएडीस या जातीची वलये प्रसिद्ध असून ती दरवर्षी थोडीथोडी रुंदावतात. म्हणून मोठ्या वलयाच्या व्यासावरून त्याच्या वयाचा अंदाज करता येतो. वलयाच्या कडेचे गवत पुष्कळदा अधिक हिरवे असते. कवकाने सेंद्रिय द्रव्याचे विघटन केल्यामुळे सुटणारी नायट्रोजनयुक्त द्रव्ये याला कारण होतात. शिवाय कवकापासून निघणारी वाढप्रेरक संयुगेही कारणीभूत असल्याचे जपानी संशोधकांनी 2010 मध्ये दाखविले. येथे ‘वलयाकार’ ही संज्ञा केवळ आकार सांगत नाही, तर सर्व फलकाय बहुधा एकाच कवकजालाचे आहेत, असेही सुचविते.

वनस्पतींच्या वर्णनातील संज्ञा : वनस्पतींमध्ये समूहवाढ मुख्यतः कोंब कोठून फुटतात व ते किती अंतरावर वर येतात, यांवर अवलंबून असते. बुंध्यालगतच्या कळ्यांपासून उभे कोंब फुटून दाट ठोंब तयार झाल्यास त्या वनस्पतीस झुबकेदार म्हणतात. गवती चहा व वाळा ही गवते या प्रकारची आहेत. वाळ्याचे ठोंब दाट व मुळे खोल जाणारी असल्यामुळे उतारावर आडव्या ओळीत लावल्यास मातीची धूप रोखण्यास त्यांचा उपयोग होतो. समशीतोष्ण प्रदेशातील डेश्चँप्सिया सेस्पिटोजा या गवताच्या नावातच ही संज्ञा आली आहे.

जमिनीवर आडवी धावणारी खोडे किंवा जमिनीखालील मूलक्षोड यांच्या साहाय्याने पसरणाऱ्या वनस्पतींची चटईसारखी वाढ होते. हरळी ही दोन्ही साधने वापरते व त्यामुळे तिचा नायनाट करणे अवघड जाते. लव्हाळ्याचे कोंब जमिनीवर सुटेसुटे दिसतात, परंतु खाली ते बारीक मूलक्षोडांनी व गाठींच्या माळेने जोडलेले असतात. वरचा कोंब उपटल्याने गाठी मरत नाहीत. केळीचे मुनवे जमिनीतील गड्ड्यापासून निघून मूळ झाडाभोवती गट करतात. उंच व थंड प्रदेशांत काही वनस्पती आखूड, दाट फांद्यांची गोलसर गादी बनवितात. लडाख व तिबेटच्या उंच भागांतील थायलॅकोस्पर्मम सेस्पिटोजम व अँडीज पर्वतातील ॲझोरेला काँपॅक्टा ही त्यांची उदाहरणे होत. हजारो पर्णगुच्छांची अशी गादी पुष्कळदा एकाच सोटमुळावर उभी असते. म्हणजे तेथे दिसणारी गर्दी ही एकाच व्यष्टीच्या फांद्यांची असते. शेवाळींच्या (हरितांच्या) वर्णनातही गादी, हिरवळ, चटई व झुबका असे वाढीचे प्रकार मानले जातात.

फुलांच्या समूहांसाठी मात्र स्वतंत्र परिभाषा आहे. मंजरी, कणिश, गुलुच्छ, चामरकल्प, स्तबक या संज्ञा फुलोऱ्यातील फुलांची मांडणी व उमलण्याचा क्रम दर्शवितात. संपूर्ण वनस्पतीच्या समूहवाढीशी त्यांची गल्लत करू नये.

बांबूची वाढ : दिसणारा समूह व त्यामागील रचना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बांबूंवरून उत्तम प्रकारे समजते. अमेरिकन वनस्पतिवैज्ञानिक एफ्. ए. मक्‌क्लूअर यांनी 1966 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बांबूच्या मूलक्षोडांचे दोन मुख्य प्रकार स्पष्ट केले. पहिल्या प्रकारात मूलक्षोड आखूड व जाड असून त्याचे टोक वर वळते व त्याचाच उभा बांबू होतो. पुढील मूलक्षोड त्याच्या बाजूच्या कळीतून निघते (संयुतपद वाढ). दुसऱ्या प्रकारात मूलक्षोड लांब व बारीक असते, ते जमिनीखाली पुढे पुढे जात राहते व त्याच्या पेऱ्यांवरील कळ्यांतून जागोजागी बांबू वर येतात (एकपद वाढ). महाराष्ट्रातील मानवेल व काटस हे पहिल्या प्रकारचे असून त्यांची बेटे होतात. चीन व जपानमधील फायलोस्टॅकिस वंशातील बांबू दुसऱ्या प्रकारचे असून त्यांचे सलग रान पसरते.

यावरून ‘आखूड मूलक्षोड म्हणजे बेट’ असा नियम करावासा वाटतो, परंतु मिझोराम व लगतच्या प्रदेशांतील मेलोकॅना बॅक्सिफेरा या बांबूला तो लागू पडत नाही. त्याचे मूलक्षोड पहिल्याच प्रकारचे असते. मात्र त्याची मान खूप लांब असल्यामुळे उभे बांबू एकमेकांपासून दूर निघतात व बेटाऐवजी मोकळे रान तयार होते. म्हणून काटेकोर वर्णनात मूलक्षोडाचा प्रकार व उभ्या बांबूंची मांडणी ही दोन्ही स्वतंत्रपणे नोंदवितात.

तोडीच्या दृष्टीने हा भेद निर्णायक ठरतो. बेट करणाऱ्या बांबूत नवे कोंब बहुधा बेटाच्या कडेला येतात व जुने बांबू मध्यभागी राहतात. कडेचे कोवळे बांबू हाताशी असतात म्हणून तेच तोडले, तर पुढील वाढीचा आधार नाहीसा होतो व आत वाळलेल्या, गुंतलेल्या बांबूंची दाटी वाढून बेट निकामी होते. पक्व बांबू निवडून काढणे व त्या वर्षीचे कोंब राखणे, हा नियम बेटाच्या रचनेतूनच निघतो.

व्यष्टीचा प्रश्न : समूहातील प्रत्येक कोंब स्वतंत्र सजीव मानावा काय, हा प्रश्न ब्रिटिश परिस्थितिवैज्ञानिक जॉन एल्. हार्पर यांनी 1977 मधील ‘पॉप्युलेशन बायॉलॉजी ऑफ प्लँट्स’ या ग्रंथात ठळकपणे मांडला. एका बीजापासून निर्माण झालेल्या संपूर्ण आनुवंशिक व्यष्टीला ‘जेनेट’ व तिच्या शाकीय विस्तारातून झालेल्या, स्वतंत्रपणे जगू शकणाऱ्या प्रत्येक एककाला ‘रॅमेट’ ही नावे त्यामुळे सर्वत्र रूढ झाली. गवताच्या ठोंबातील फुटवे, केळीचे मुनवे व धावत्या खोडावरील रोपे ही रॅमेट होत. 1981 मध्ये लेस्ली लव्हेट डाउस्ट यांनी अशा विस्ताराच्या दोन टोकांना युद्धशास्त्रातील उपमा दिल्या. दाट फळी करून सावकाश पुढे सरकणारी वाढ ही व्यूहबद्ध, तर लांब खोडांनी दूरवर विरळ कोंब पाठविणारी वाढ ही गनिमी होय. वाळा पहिल्या टोकाजवळ व लव्हाळा दुसऱ्या टोकाजवळ येतो.

एका जेनेटचा विस्तार किती प्रचंड असू शकतो, याची काही उदाहरणे नोंदली गेली आहेत. अमेरिकेतील यूटा राज्यात अस्पेन वृक्षाची सु. 43 हेक्टरांवर पसरलेली व सु. 47,000 खोडे असलेली राई ही एकाच मूळव्यूहाची असून तिला ‘पांडो’ (लॅटिनमध्ये ‘मी पसरतो’) असे नाव दिले आहे. 1992 मध्ये मिशिगन राज्यात आर्मिलेरिया या वंशातील कवकाची एकच व्यष्टी किमान 15 हेक्टरांवर पसरल्याचे जाहीर झाले. पुढे ऑरेगन राज्यातील त्याच वंशातील एका व्यष्टीचे क्षेत्र सु. 965 हेक्टर असल्याचे 2003 मध्ये नमूद झाले. शरद ऋतूत या कवकांचे फलकाय झाडांच्या बुंध्यांशी लहान लहान झुबक्यांनी उगवतात. केवळ त्यांवरून खालील एकसंध जालाची कल्पना येणे शक्य नसते. तंतूंचे नमुने एकमेकांशेजारी वाढवून ते मिसळतात काय ते पाहणे, तसेच डीएनएची तुलना करणे, या मार्गांनी व्यष्टीच्या सीमा ठरविल्या जातात.

कोलकात्याजवळ शिबपूर येथील वनस्पती उद्यानातील प्रसिद्ध वटवृक्ष दुरून लहानशा अरण्यासारखा दिसतो. कवकाच्या उपद्रवामुळे त्याचे मूळ खोड 1925 मध्ये काढून टाकावे लागले. तरीही हजारो पारंब्यांच्या आधारावर तो जिवंत आहे. याच्या उलटही प्रकार घडतो. पनामातील वृक्षवेढ्या वडवर्गीय झाडांच्या 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बाहेरून एकच दिसणारी खोडे प्रत्यक्षात वेगवेगळ्या बीजांपासून आलेल्या मुळांच्या सांध्यातून बनलेली असल्याचे आढळले. म्हणजे अनेक खोडे हे अनेकत्वाचे किंवा एक खोड हे एकत्वाचे निश्चित प्रमाण नव्हे.

समूहतेचे मापन : झ्यूल ब्राउन-ब्लांके यांनी 1928 मधील आपल्या ग्रंथात समाजशीलतेची पाच अंकी श्रेणी वापरली. तीत 1 म्हणजे एकेकटी, 2 म्हणजे लहान गट वा ठोंब, 3 म्हणजे लहान ठिगळे वा गाद्या, 4 म्हणजे विस्तृत ठिगळे वा गालिचे व 5 म्हणजे जवळजवळ त्याच जातीची सलग दाटी, असे मानतात. ही श्रेणी क्षेत्रीय पाहणीत सोयीची असली, तरी तिच्यात निरीक्षकाच्या अंदाजाला वाव राहतो.

संख्याशास्त्रीय पद्धतीत जमिनीवर सारख्या आकाराचे चौरस आखून प्रत्येकातील वनस्पती मोजतात व संख्यांचे विचरण त्यांच्या सरासरीने भागतात. हा भागाकार 1 च्या आसपास असल्यास वितरण यादृच्छिक, 1 पेक्षा बराच कमी असल्यास समांतरित व बराच जास्त असल्यास पुंजित मानतात. उदा., दहा चौरसांत 2, 5, 3, 1, 4, 3, 6, 2, 1, 3 अशा एकूण 30 वनस्पती असल्यास सरासरी 3 व भागाकार सु. 0·9 येतो. तेवढ्याच वनस्पती 0, 0, 14, 0, 1, 0, 12, 0, 3, 0 अशा असल्यास सरासरी तीच राहते, पण भागाकार सु. 9·6 होतो व पुंजितपणा स्पष्ट होतो. चौरसाचा आकार बदलल्यास उत्तरही बदलू शकते, म्हणून तो नमूद करणे आवश्यक असते. येथील ‘पुंजित’ ही संज्ञा केवळ अंतरांविषयी आहे. बिया मातृवृक्षाखालीच पडणे, ओलावा ठराविक जागीच असणे किंवा शाकीय विस्तार होणे यांपैकी कोणते कारण आहे, ते तिच्यावरून कळत नाही.

समूहपुष्पण : ‘समूहाने’ हा शब्द कधीकधी जागेऐवजी काळासंबंधी वापरला जातो. एखाद्या जातीच्या बहुसंख्य वनस्पती दीर्घ अवधीनंतर एकाच सुमारास फुलल्यास त्याला समूहपुष्पण म्हणतात. सह्याद्रीतील कारवी सु. सात वर्षांनी अशी फुलते व बी धरल्यावर मरते. तिचे रान दाट असले, तरी ते बियांपासून एकाच वेळी उगवलेल्या समवयस्क झुडपांचे असते. येथे गर्दीतील प्रत्येक झुडूप स्वतंत्र व्यष्टी असते व बांबूच्या बेटाशी असलेले साम्य वरवरचे ठरते.

मेलोकॅना बांबूचे समूहपुष्पण सु. 48 वर्षांच्या अंतराने होते. त्या वेळी पडणाऱ्या विपुल फळांवर उंदरांची बेसुमार वाढ होते व फळे संपल्यावर उंदीर भातशेतीवर तुटून पडतात. मिझो लोक या आपत्तीला ‘मौताम’ म्हणतात. 1959 च्या सुमारास आलेल्या मौतामात तत्कालीन मिझो जिल्ह्यात मोठा दुष्काळ पडला. त्याच्या निवारणासाठी स्थापन झालेल्या संघटनेचे पुढे ‘मिझो नॅशनल फ्रंट’ या राजकीय पक्षात रूपांतर झाले व 1966 मध्ये सशस्त्र उठाव झाला. यानंतरचे समूहपुष्पण 2006–08 च्या सुमारास झाले. ते आधीच अपेक्षित असल्यामुळे उंदीरनाशाची व धान्यपुरवठ्याची तयारी पूर्वीपासून करता आली. वनस्पतीच्या एका लक्षणाची अचूक नोंद माणसांच्या अन्नाशी कशी निगडित असते, हे यावरून दिसते.

व्यावहारिक महत्त्व : खाद्य व विषारी कवके ओळखताना समूहवाढ हे उपयुक्त लक्षण ठरते. यूरोप व अमेरिकेत आवडीने खाल्ले जाणारे कँथेरेलस कवक जमिनीतून सुटेसुटे उगवते, तर त्याच्यासारखेच नारिंगी परंतु विषारी ओंफॅलोटस लाकडावर दाट झुबक्यांनी येते. मात्र हे लक्षण एकटे कधीही पुरेसे नसते. जमिनीत गाडलेल्या लाकडावर ओंफॅलोटस वाढल्यास ते मातीतून आल्यासारखे दिसते. भारतातही पावसाळ्यात हिरवळीवर समूहाने किंवा वलयाकार उगवणारे क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस हे पांढरे, मोठे भूछत्र खाद्य जातींसारखे भासते व त्याच्या सेवनाने तीव्र उलट्या व जुलाब होतात. त्याच्या छत्राखालील पडदे पक्व झाल्यावर बीजुकांमुळे हिरवट होतात. कोवळेपणी ही खूण नसते. ‘समूहाने उगवते ते खाण्यास योग्य’ या समजुतीला कोणताही आधार नाही. मांडणी, आधारद्रव्य, दांड्याचा तळ, बीजुकांचा रंग व वास ही सर्व लक्षणे जुळल्याशिवाय आणि जाणकाराने खात्री केल्याशिवाय रानातील भूछत्र खाऊ नये. त्यासाठी भूछत्र कापून न आणता तळासह काळजीपूर्वक उचलणे व त्याच्या आसपासची स्थिती जागेवरच लिहून ठेवणे इष्ट असते; कारण टोपलीत टाकल्यावर समूहवाढीचे लक्षण कायमचे नाहीसे होते. वाळवून ठेवलेल्या संग्रहातील नमुन्यांचीही हीच अडचण असते.

दुर्मिळ वनस्पतींच्या गणनेतही या परिभाषेचे महत्त्व आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या (आययूसीएन) निकषांनुसार पक्व व्यष्टी मोजताना शाकीय विस्तारातील प्रजननक्षम एकके स्वतंत्र धरतात. मात्र ती एकटी जगू शकत नसल्यास धरत नाहीत. तथापि शंभर खोडांची राई एकाच जेनेटची असल्यास तिच्यातील आनुवंशिक वैविध्य एका झाडाइतकेच असते. अशा जातीत परपरागाची गरज असेल, तर भरपूर फुले येऊनही बी धरत नाही व एखादा रोग सर्व खोडांना सारखाच घातक ठरू शकतो. म्हणून गणनेच्या नोंदीत खोडांची संख्या व शक्य तेव्हा जेनेटांची संख्या अशा दोन्ही संख्या देणे हितावह असते.

मराठीत वर्णने लिहिताना रूढ शब्दांचा उपयोग शक्य तेथे करावा, पण त्यांचा अर्थ एकदा ठरविल्यावर तो बदलू नये. ‘झुबका’ हा शब्द तळाशी टेकलेल्या दांड्यांसाठी, ‘ठोंब’ हा बुंध्यापासून फुटलेल्या गवतासाठी, ‘बेट’ हा आखूड मूलक्षोडाच्या बांबूसाठी व ‘समूहस्थ’ हा सुट्या पण जवळजवळच्या व्यष्टींसाठी किंवा फलकायांसाठी राखून ठेवल्यास वर्णन संदिग्ध राहत नाही. जेथे जमिनीखालील रचना तपासलेली नाही, तेथे केवळ दिसणारी मांडणी सांगणाऱ्या संज्ञाच वापराव्या व एकत्वाविषयीचा निष्कर्ष प्रत्यक्ष तपासणीनंतरच काढावा.